निगेटिव्हच्या डब्यातली माणसे

लातूरच्या गंजगोलाईला सोळा रस्ते येऊन मिळतात. त्यातल्या एका रस्त्यावर १९७७ पासून माझे फोटोचे दुकान आहे. आता ते मुलगा चालवतो. मी सकाळी येतो, गल्ल्याशेजारच्या खुर्चीत बसतो, आल्यागेल्याची विचारपूस करतो आणि मुलाच्या कामात नको तेवढे नाक खुपसतो. मध्यंतरी एका शाळेतली पाच-सहा मुले आली. त्यांना छायाचित्रणकलेवर काहीतरी लिहून आणायला सांगितले होते. त्यातल्या एका चुणचुणीत मुलीने वही उघडली आणि पहिलाच प्रश्न टाकला, "आजोबा, तुम्ही काढलेला सगळ्यात चांगला फोटो कोणता?"

पन्नास वर्षे या धंद्यात काढली, पण हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. गिऱ्हाईक विचारते ते एवढेच, की कधी मिळतील आणि किती पडतील. मी त्या मुलीला उगाच काहीतरी सांगितले, कॅमेऱ्यांची नावे सांगितली, गोळ्या देऊन मुलांची बोळवण केली. उत्तर मात्र मला सापडले नव्हते. ते शोधायचे म्हणजे मला थेट नांदेडला, माझ्या उस्तादांपर्यंत मागे जावे लागेल.

मी मूळचा नांदेडचा. १९६८ साली मॅट्रिकला गणिताने दगा दिला आणि वडिलांनी मला वजीराबादेतल्या एका स्टुडिओत नेऊन बसवले. मालकांना सारे गाव उस्ताद म्हणे. ते हैदराबादेत काम शिकून आलेले. निजामाचे राज्य जाऊन वीस वर्षे झाली होती, पण त्यांची शेरवानी आणि दखनी बोली दोन्ही शाबूत होत्या. पहिले सहा महिने मी फक्त झाडलोट केली, हायपोचे ट्रे धुतले आणि गिऱ्हाइकांसाठी आरशापाशी पावडर, कंगवा मांडून ठेवला. कॅमेऱ्याला हात लावायची मुभा नव्हती. लाकडी स्टँडवरचा तो मोठा कॅमेरा, त्यावरचे काळे कापड आणि कापडाखाली शिरलेले उस्ताद, हे सगळे मला देवघरासारखे वाटे.

नांदेडला गिऱ्हाइकांची ददात नव्हती. सचखंड गुरुद्वाऱ्याला पंजाबातून यात्रेकरू येत. सारे कुटुंब पाठीमागच्या पडद्यावरच्या रंगवलेल्या बागेसमोर उभे राही. लग्नाळू मुलांसाठी स्टुडिओत एक कोट आणि एक टाय कायम टांगलेला असे. तो एकच कोट घालून नांदेड तालुक्यातल्या किती तरुणांनी स्थळासाठी फोटो काढले असतील याची मोजदाद नाही. उंच माणसाला तो तोकडा होई, मग उस्ताद फोटो छातीपर्यंतच घेत. गिऱ्हाईक कोटाकडे पाही आणि उस्ताद म्हणत, "कपडे क्या देखते, आँखाँ देखो." डोळ्यांत दिव्याचा एक पांढरा ठिपका पडलाच पाहिजे, तो नसेल तर माणूस मेल्यासारखा दिसतो, हा त्यांचा पहिला धडा.

दुसरा धडा पेन्सिलीचा. आजच्या पिढीला सांगावे लागेल, की तेव्हा चेहरा सुधारायचा तो निगेटिव्हवर. तिरप्या काचेवर निगेटिव्ह ठेवायची, खालच्या आरशातून खिडकीचा उजेड तिच्यात सोडायचा आणि सुईसारखे टोक काढलेल्या पेन्सिलीने नाजूक टिंबे देत जायचे. सुरकुती निगेटिव्हवर पांढरट दिसते. तिथे पेन्सिलीने भरले, की छापलेल्या फोटोत ती नाहीशी होते. हातात आलेली विद्या माणूस जरा जास्तच वापरतो. मी एका म्हाताऱ्या बाईंच्या चेहऱ्यावरची एकूण एक रेघ भरून टाकली आणि शाबासकीच्या आशेने निगेटिव्ह उस्तादांपुढे धरली. त्यांनी ती पाहिली आणि म्हणाले, "झुर्री आधी निकालना बेटा. पूरी निकाले तो घर के लोगाँ भी नहीं पहचानते." अर्धी सुरकुती काढायची! ती कोणती अर्धी, हे शिकायला मला दहा वर्षे लागली. आणि एकदा तर मी ते साफ विसरलो, त्याबद्दल पुढे सांगणारच आहे.

तिसरा धडा रजिस्टराचा. प्रत्येक निगेटिव्ह बटर पेपरच्या पाकिटात घालायची, पाकिटावर नंबर टाकायचा आणि जाड बांधणीच्या रजिस्टरात त्या नंबरापुढे नाव, गाव, तारीख, प्रती, जमा, बाकी असे सगळे लिहायचे. मला याचा भारी कंटाळा. एकदा मी गावाचा रकाना रिकामा सोडला, तेव्हा उस्तादांनी त्या माणसाला शोधायला मला भर उन्हात मोंढ्यात पाठवले होते.

त्या काळात खेड्यात फोटो काढणे ही चैन होती. कित्येकांचा आयुष्यातला पहिला आणि शेवटचा फोटो मेल्यावर निघे. पहाटे बैलगाडी किंवा सायकल घेऊन कुणीतरी दाराशी येई आणि उस्ताद न बोलता पेटी बांधायला सांगत. मयताच्या फोटोचा भाव ते आधी कधीच ठरवत नसत. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा आजीबाईंना भिंतीला टेकवून बसवले होते, कपाळाला बुक्का होता, लेकी-सुना दोन्ही बाजूंनी दाटीने बसल्या होत्या. थोरला मुलगा उस्तादांना बाजूला घेऊन म्हणाला, "डोळे तेवढे उघडे करून द्या." आणि उस्तादांनी ते करून दिले. छापलेल्या फोटोवर बारीक ब्रशने दोन डोळे उघडले, त्यांत पांढरा ठिपकाही दिला. मी विचारले, हे खोटे नाही का? ते हसले, उत्तर दिले नाही.

उस्तादांना एका गोष्टीचा फार अभिमान होता. आपण राजा दीनदयाळांच्या मुलखातले, असे ते सांगत. ते खरेच होते. १८४४ साली जन्मलेले दीनदयाळ इंदूरला बांधकाम खात्यात होते. छंद म्हणून धरलेला कॅमेरा त्यांना सहाव्या निजामाच्या दरबारात घेऊन गेला. सिकंदराबादेत त्यांचा स्टुडिओ होता. पडदानशीन स्त्रियांसाठी त्यांनी १८९२ मध्ये हैदराबादेत वेगळा जनाना स्टुडिओ काढला आणि तो एका इंग्रज बाईंच्या हाती दिला. नवाबांच्या शिकारी, मेजवान्या, महाल, सारे त्यांनी टिपले. पुष्कळ वर्षांनी मला एका पुस्तकात त्यांची वेगळी चित्रे पाहायला मिळाली. आपल्याच मराठवाड्यातली, औरंगाबादकडच्या दुष्काळी कामांची. कामावरची माणसे कॅमेऱ्यासाठी स्तब्ध उभी केलेली. नवाबांच्या फोटोखाली नावे, किताब, सगळे असते. या माणसांच्या फोटोखाली कामाचे नाव आणि जिल्ह्याचे नाव होते. माझ्या पणजोबांच्या पिढीतली ही माणसे. एखादा चेहरा आमच्या घरातलाही असेल. कसे ओळखायचे?

१९७७ साली मी लातूरला आलो आणि स्वतःचे दुकान टाकले. लातूर तेव्हा उस्मानाबाद जिल्ह्यातले तालुक्याचे गाव होते, जिल्हा व्हायला १९८२ साल उजाडले. पण मोंढा जोरात चाले, आणि औसा, निलंगा, उमरगा, अहमदपूर या सगळ्या भागातले लोक बाजाराला लातुरात येत. लग्नाचा बस्ता बांधायला आलेली मंडळी जाताजाता फोटोची ऑर्डरही देऊन जात. मी उस्तादांच्या शिस्तीने निगेटिव्ह ठेवत गेलो. डालड्याचे डबे, बिस्किटांचे डबे, बुटांची खोकी, मिळेल त्यात. दहा-बारा वर्षांत माळा भरला. मग कलरचे दिवस आले. गावोगाव कलर लॅबच्या पाट्या लागल्या, कृष्णधवल मागे पडले, आणि जुन्या निगेटिव्ह मागायला कुणी येईना.

निगेटिव्हमध्ये चांदी असते. फिल्मवरचा काळा भाग म्हणजे चांदीचेच कण. जुन्या फिल्मा आणि वापरलेला हायपो विकत घेऊन त्यातून चांदी काढणारे लोक तेव्हा गावोगाव फिरत. १९९३ च्या उन्हाळ्यात असाच एकजण माझ्या दुकानात आला. मला कलर अल्बमसाठी कपाट करायचे होते, जागा हवी होती. १९७७ पासून १९८५ पर्यंतचे सगळे डबे मी त्याच्यापुढे रिकामे केले. अडीच पोती भरली. त्याने नऊशे रुपये मोजून दिले. रजिस्टरेही रद्दीत घालणार होतो, पण बायको म्हणाली, "अहो, त्यात लोकांची बाकी आहे अजून." म्हणून रजिस्टरे तेवढी राहिली.

त्यानंतर चार-साडेचार महिन्यांनी, २९ सप्टेंबरला, अनंत चतुर्दशी होती. लातुरात रात्री उशिरापर्यंत मिरवणुका चालल्या. मी एका मंडळाचे फोटो घेत फिरत होतो. घरी येऊन कॅमेऱ्याची बॅग खुंटीला अडकवली आणि गुलालाच्या अंगानेच आडवा झालो. ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट, तीन वाजून छप्पन्न मिनिटे. ती वेळ आमच्या भागात कुणाला सांगावी लागत नाही. भांडी पडली, भिंत हलली, आम्ही मुलांना ओढत रस्त्यावर आलो. सारे लातूर रस्त्यावर होते. उजाडता उजाडता औशाकडून बातमी आली, की किल्लारी गेली.

ओळखीच्या एकाची जीप निघाली होती, तिच्यात बसलो. बॅग खांद्याला होती. लामजन्याच्या पुढे रस्त्यावर माणसेच माणसे. किल्लारीत शिरलो तेव्हा गाव कुठे सुरू होते ते कळेना. आमच्याकडची जुनी घरे दगड-मातीच्या दोन-दोन, तीन-तीन फूट जाडीच्या भिंतींची, वर लाकडाचे माळवद आणि त्यावर मातीचा जाड थर. उन्हाळ्यात गारवा देणारी ती माती झोपलेल्या माणसांवर आली होती. विसर्जन आटोपून लोक नुकते कुठे झोपले होते. किल्लारी, सास्तूर, मंगरूळ, पेठसांगवी अशी कितीतरी गावे त्या एका मिनिटात गेली. सुमारे दहा हजार माणसे गेली, असे म्हणतात. पुढे बावन्न गावे नव्या जागी वसवावी लागली.

मी आधी दगड उचलले. तास-दोन तास. मग हात चालेनासे झाले तेव्हा कॅमेऱ्याची आठवण झाली. छत्तीसच्या रोलमधले सत्तावीस फोटो मिरवणुकीत गेले होते. नऊ उरले होते. नऊ फोटो काढले. आठवा एका म्हाताऱ्या माणसाचा. तो पडलेल्या घरासमोर पितळेचा तांब्या दोन्ही हातांत धरून बसला होता. रडत नव्हता. मी समोर उकिडवा बसलो, फोकस केला, बटण दाबले. त्याने माझ्याकडे पाहिलेही नाही. डोळ्यांत ठिपका होता की नाही, ते मी तेव्हा पाहिले नाही. आणि पुढे निघालो. नाव विचारले नाही. अशा वेळी कुणाला नाव विचारायचे, असे मनाशी म्हटले असेन.

रोल धुतला तेव्हा एकाच पट्टीवर गुलालात न्हालेली पोरे आणि त्यांच्याला लागून ते दगड. एका वर्तमानपत्राने तो आठवा फोटो मागून घेतला आणि छापला. बाहेरगावाहून लोकांनी फोन करून माझे कौतुक केले. आयुष्यात पहिल्यांदा माझे नाव छापून आले होते. फोटोखाली माझे नाव होते, त्याचे नव्हते. महिनाभराने मी त्याची एक प्रत घेऊन पत्र्यांच्या शेडमधून हिंडलो. कुणी म्हणाले हा अमक्या गावचा, कुणी म्हणाले लेकीकडे गेला. तो सापडला नाही. माझ्या रजिस्टरात त्या नंबरापुढे नावाचा रकाना आजही कोरा आहे.

हे माझ्यासारख्या गल्लीतल्या फोटोग्राफरच्या बाबतीतच घडते असे नाही, हे मला नंतर कळत गेले. डिसेंबर १९८४ मध्ये भोपाळला विषारी वायूने माणसे मेली, तेव्हा पुरल्या जाणाऱ्या एका लेकराचा मातीतला उघड्या डोळ्यांचा चेहरा सगळ्या जगाने पाहिला. रघु राय यांनी तो कृष्णधवल घेतला, पाब्लो बार्थोलोम्यू यांनी रंगीत. बार्थोलोम्यूंच्या चित्राला त्या वर्षीचा 'वर्ल्ड प्रेस फोटो'चा सर्वोच्च मान मिळाला. ते लेकरू मात्र जगाला अनोळखी बालक म्हणूनच माहीत आहे.

आणि किल्लारीच्याच वर्षीची ती गोष्ट. केविन कार्टर या दक्षिण आफ्रिकेतल्या छायाचित्रकाराने सुदानमध्ये घेतलेला फोटो २६ मार्च १९९३ रोजी न्यूयॉर्क टाइम्समध्ये आला. भुकेने जमिनीवर कोसळलेले एक मूल आणि मागे टपलेले गिधाड. पुढच्या वर्षी त्याला पुलित्झर पारितोषिक मिळाले, आणि 'तू त्या लेकराला उचललेस का?' हा प्रश्नही जगभरातून आला. जुलै १९९४ मध्ये त्याने आत्महत्या केली. वय तेहतीस. त्याच्या मनात काय काय होते ते त्यालाच ठाऊक, बाहेरून बोलू नये. मला वेगळीच गोष्ट लागून राहिली. इतकी वर्षे जग त्या मुलाला मुलगी समजत होते. २०११ मध्ये स्पेनचे पत्रकार त्या गावी जाऊन विचारपूस करून आले, तेव्हा कळले की तो मुलगा होता, त्याचे नाव कोंग न्योंग, आणि तो त्या दुष्काळातून वाचलाही होता. चारेक वर्षांपूर्वी तापाने गेला, असे त्याच्या वडिलांनी सांगितले. फोटोत त्याच्या मनगटावर अन्नकेंद्राची पट्टी पहिल्यापासून दिसत होती. म्हणजे त्याचे नाव कुठल्या तरी यादीत होते! कोट्यवधी लोकांनी फोटो पाहिला, पट्टीकडे कुणाचे लक्ष गेले नाही. माझेही गेले नसते.

आता खऱ्या गोष्टीकडे येतो, जी मी टाळत आलो आहे.

भूकंपानंतर दहा-पंधरा दिवसांत माझ्या दुकानात माणसे येऊ लागली. आधी मला वाटले, कागदपत्रांसाठी पासपोर्ट फोटो हवे असतील. काहींना तेच हवे होते. पण बहुतेकजण दुसऱ्याच कामासाठी आलेले. कुणाच्या डोक्याला पट्टी, कुणाचा हात गळ्यात बांधलेला. दारात चप्पल काढून आत यायचे, जसे देवळात यावे. "साहेब, आमच्या लेकराचा फोटू हाय का बगा तुमच्याकडं. आमच्या भावाच्या लग्नात तुम्हीच काढलेला." घर गेले तसा भिंतीवरचा फोटोही गेला होता. गेलेल्या माणसाचा चेहरा आता दुसरीकडे कुठेच नव्हता. असलाच तर माझ्या माळ्यावर.

१९८६ नंतरचे लग्न असले, की मी माळ्यावर चढायचो, डबा काढायचो. निगेटिव्ह उजेडात धरली, की तीच माणसे उलट्या रंगात, केस पांढरे, दात काळे, अशी दिसायची आणि समोरचा माणूस त्या उलट्या रंगातही आपले माणूस ओळखायचा. "ह्यो बगा, ह्यो आमचा." त्या वर्षी दिवाळीपर्यंत मी रोज रात्री लाल दिव्याच्या उजेडात छपाई करत होतो. ट्रेमधल्या पांढऱ्या कागदावर हळूहळू चेहरा उमटतो, हे मी हजारो वेळा पाहिले होते. त्या दिवसांत मात्र कित्येकदा मान फिरवून उभा राहिलो.

आणि ज्यांचे लग्न १९८५ च्या आधीचे असायचे, त्यांना मी काय सांगणार? रजिस्टर उघडले की नाव असायचे. गाव, तारीख, तीन प्रती, जमा दहा, बाकी पाच. मी बोट ठेवून वाचून दाखवायचो, समोरच्याचे डोळे लकाकायचे आणि मग मला सांगावे लागायचे की डबा नाही. पहिल्या दोघा-तिघांना मी खोटे सांगितले. भूकंपात माळा पडला म्हणालो. भूकंपावर सगळेच खपत होते तेव्हा. अडीच पोती, नऊशे रुपये. एका फोटोला किती पैसे पडले, हा हिशेब मी करू नये म्हणतो आणि तरी तो होतोच.

त्यांच्यातलाच एक, किल्लारीच्या बाजूच्या एका खेड्यातला. वय असेल तीसेक. बायको आणि दोन मुलगे गेले होते, तीन वर्षांची मुलगी आजीजवळ वाकळेत होती म्हणून वाचली. त्याचे लग्न मे १९८४ मधले. रजिस्टरात नोंद सापडली, डबा अर्थातच नव्हता. त्याला मी खोटे बोलू शकलो नाही. निगेटिव्ह विकल्या, असे सांगितले. तो रागावला असता तर बरे झाले असते. तो नुसता "बरं" म्हणाला आणि चप्पल घालू लागला. मी त्याला थांबवले. त्याच्या गावातले दुसरे कुठले लग्न मी केले होते का, ते रजिस्टरात शोधू लागलो. १९८९ चे सापडले, त्याच्या चुलतभावाचे. मांडवातला मोठा ग्रुप फोटो, कृष्णधवल, पन्नास-साठ माणसे. त्याने भिंग घेतले आणि अगदी कडेच्या रांगेत बोट ठेवले. बायकांच्या मागे एक बाई उभी होती. चेहरा ज्वारीच्या दाण्याएवढा. त्यातही डावा अर्धा गाल पदराआड, पदराचे टोक दातांत धरलेले.

तो दाणा मी एनलार्जरची मान छताला भिडेपर्यंत वाढवला. आला तो चेहरा म्हणजे राखेत काढलेल्या चित्रासारखा. मग मी माझी विद्या काढली. छापलेल्या फोटोची पुन्हा निगेटिव्ह केली, तिच्यावर पेन्सिल घेऊन चार रात्री बसलो. दाणे भरले, गाल उजळला. आणि मला वाटले, अर्धा चेहरा काय द्यायचा या माणसाला? मी पदर काढून टाकला. डावा गाल रंगवला, दोन्ही डोळ्यांत ठिपके दिले, कपाळावर कुंकू ठसठशीत केले, ओठही जरा हसरे केले. फ्रेम करून दिला. त्याने फोटो पाहिला, बराच वेळ पाहिला. पैसे विचारले, मी नको म्हणालो. तो म्हणाला, "फुकटचा फोटू भिताडाला लावीत न्हाईत," आणि वीस रुपये काउंटरवर ठेवून गेला. मला वाटले, फिटले.

त्यानंतर पंधरा वर्षांनी, २००८ मध्ये, तो पुन्हा आला. केस पांढरे झालेले. सोबत मुलगी होती, अठरा वर्षांची, कॉलेजात जाणारी. तिचे लग्न ठरले होते. इकडचे तिकडचे बोलणे झाल्यावर तो म्हणाला, "काका, त्यो फोटू दिला व्हता तुम्ही. बाई लई चांगली काढलीत. पन ती आमची न्हाई." मी गप्प राहिलो. तो म्हणाला, "रागानं म्हणत न्हाई. पोरीला आई म्हणून त्योच चेहरा म्हायती हाय, तवा बोललो न्हाई कधी. आता ती सासरी चालली. तिला तिची आई दावावी म्हणलं. पदर व्हता तसा हाय का अजून?"

होता. १९८९ चा डबा होता. दुकानात तोवर कॉम्प्युटर आला होता. मुलाने निगेटिव्ह स्कॅन केली, ग्रुप फोटो पडद्यावर आला. त्याने कडेची ती बाई मोठी केली. राखेसारखी, दाणेदार, अर्धी पदराआड. मुलगी खुर्ची ओढून पडद्यासमोर बसली. माझ्या मुलाने सवयीने विचारले, की हे दाणे काढून साफ करू का, आता सोपे असते. मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

ती मुलगी कितीतरी वेळ पडद्याकडे पाहत होती. बापाने विचारले, "दिसती का?" तिने मान हलवली. मग विचारले, "आण्णा, आई पदर दातात का धरायची?"

"सवयच व्हती तिला. फोटूवाला आला, की लाजायची."

तो फोटोवाला मीच. त्या दिवशी त्या मांडवात मी ओरडून सगळ्यांना इकडे बघा म्हणालो असणार, आणि साठ माणसांत ती एक लाजली असणार. मला त्यातले काही म्हणजे काही आठवत नाही.

थोड्या वेळाने मुलीने पर्स उघडली आणि म्हणाली, "दोन्ही द्या. घरातला आहे तो पण आणि हा पण."

माझ्या मुलाने पॅड पुढे ओढले. नाव लिहिले, गाव विचारले. "नवं का जुनं?" तिच्या वडिलांनी विचारले, आणि मग स्वतःच दोन्ही सांगितली.